स्मार्ट सुकतळे आणि दीर्घकालीन आजारांतील चालीचे मापन : स्वरूप, उपयोग आणि मर्यादा

सारांश

पादत्राणाच्या आत बसणाऱ्या सुकतळ्यात दाब व हालचाल मोजणारे सेन्सर बसवून रुग्णाच्या चालीची सतत नोंद घेणे आता शक्य झाले आहे. पार्किन्सन, पक्षाघात, मधुमेहजन्य मज्जातंतूविकार यांसारखे मज्जासंस्थेचे आजार आणि गुडघ्याची झीज, खुब्याचा अस्थिभंग यांसारखे अस्थिविकार यांत अशा नोंदीचे मोल मोठे आहे. दवाखान्यात टाकलेल्या काही पावलांवरून रुग्णाच्या दिवसभराच्या चालण्याचा भरवशाचा अंदाज बांधता येत नाही, हे त्यामागील कारण होय. प्रस्तुत लेखात स्मार्ट सुकतळ्याची रचना, त्यामागील विज्ञान, प्रमुख आजारांतील त्याचा उपयोग आणि त्याच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. तसेच, पादत्राणे उंबरठ्याबाहेर काढून ठेवणाऱ्या समाजात हे साधन नेमके कोणते चालणे मोजते आणि कोणते मोजत नाही, या प्रश्नाचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : चालचक्र, तळपायावरील दाब, स्मार्ट सुकतळा, पार्किन्सन, मधुमेही पाऊल, अंशतः भार

१. प्रस्तावना

पार्किन्सनचा, म्हणजेच कंपवाताचा, रुग्ण काही महिन्यांच्या अंतराने तपासणीस येतो. डॉक्टर त्याला खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून परत वळण्यास सांगतात. समोर डॉक्टर आहेत, आपली परीक्षा सुरू आहे, ही जाणीव असल्याने रुग्ण प्रत्येक पाऊल लक्षपूर्वक टाकतो आणि बऱ्यापैकी चालून दाखवतो. सोबत आलेली पत्नी किंवा मुलगा मात्र सांगतो की घरी न्हाणीघराच्या दारात त्यांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात आणि गेल्या महिन्यात ते दोनदा पडले. ही दोन्ही निरीक्षणे खरी असतात. औषधाची मात्रा ठरवताना यांपैकी कोणत्या चालीवर विसंबावे, हा खरा प्रश्न आहे.

चालणे ही मेंदू, मज्जारज्जू, मज्जातंतू, स्नायू, हाडे व सांधे या सर्वांच्या समन्वयातून घडणारी क्रिया आहे. त्यामुळे यांपैकी कोठेही बिघाड झाल्यास त्याचे पडसाद चालीत उमटतात. अनुभवी वैद्यकाची नजर ते ओळखतेही. परंतु नजरेने केलेले निरीक्षण अल्पकाळाचे असते आणि त्याची मागील भेटीतील निरीक्षणाशी काटेकोर तुलना करता येत नाही. चाल प्रयोगशाळेतील कॅमेरे आणि जमिनीत बसवलेले बलमापक फलक अचूक मोजमाप देतात, पण तेथेही रुग्ण थोडाच वेळ चालतो आणि अशा प्रयोगशाळा मोठ्या शहरांपलीकडे विरळाच आढळतात. दैनंदिन जीवनातील चाल मोजणारे साधन म्हणून स्मार्ट सुकतळ्याचा विचार या पार्श्वभूमीवर करावयाचा आहे.

सदर लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारलेला आहे. विविध विद्याशाखांतील प्राध्यापकांना हा विषय परिचित व्हावा आणि या साधनाकडून कोणती अपेक्षा ठेवावी व कोणती ठेवू नये, याचे भान यावे, हा त्याचा हेतू आहे.

२. चालीतील मोजण्याजोगे घटक

एका पायाची टाच जमिनीला टेकल्यापासून त्याच पायाची टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या कालावधीस एक चालचक्र म्हणतात. सामान्य गतीने चालताना या चक्रातील सुमारे ६० टक्के काळ पाय जमिनीवर असतो. ही आधारावस्था होय. उरलेला सुमारे ४० टक्के काळ पाय हवेतून पुढे जातो. ही दोलनावस्था होय. एका पायाचा आधार सुटण्यापूर्वी दुसरा पाय टेकतो, त्यामुळे चक्राचा सुमारे २० टक्के काळ दोन्ही पाय जमिनीवर असतात. तोल सावरण्याची भीती असलेली व्यक्ती नकळत हा दुहेरी आधाराचा काळ वाढवते.

आधारावस्थेत पायावर येणारा भार सतत बदलत असतो. टाच टेकल्यानंतर एक आणि चवड्याने मागे रेटा देताना दुसरा, असे भाराच्या आलेखात दोन उंचवटे दिसतात. हे उंचवटे शरीराच्या वजनापेक्षा काहीसे अधिक असतात व मध्ये उथळ दरी असते. भाराचा केंद्रबिंदू टाचेपासून बाहेरच्या कडेने पुढे सरकत अंगठ्याकडे जातो. मंद, सावध किंवा लंगडत्या चालीत हे उंचवटे बोथट होतात आणि केंद्रबिंदूचा मार्ग बदलतो.

या सर्वांहून अधिक बोलका घटक म्हणजे पावलांतील सातत्य. समजा, दोन व्यक्तींच्या चालचक्राचा सरासरी काळ १.१ सेकंद आहे. पहिलीचे चक्र १.०८ ते १.१२ सेकंदांच्या दरम्यान राहते, तर दुसरीचे ०.९५ ते १.२५ सेकंदांच्या दरम्यान हेलकावते. सरासरी पाहता दोघी सारख्याच ठरतात. प्रत्यक्षात दुसरीचा तोल धोक्यात आहे. निरोगी प्रौढांमध्ये हे हेलकावे साधारणतः दोन ते तीन टक्क्यांच्या आत असतात. काही मिलिसेकंदांचे हे फरक डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून उपकरणाची गरज भासते.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

पायाखाली मापक बसवण्याची कल्पना नवी नाही. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्राण्यांच्या हालचालींवरील ग्रंथात अशा बुटांचे वर्णन आढळते. बुटाच्या तळात हवेची पोकळी असे. पाऊल टेकले की दाबली गेलेली हवा रबरी नळीतून चालणाऱ्याच्या हातातील नोंदयंत्राकडे जाई आणि फिरत्या दंडगोलावर रेघ उमटे. पाय जमिनीवर किती काळ आहे, हे अशा रीतीने प्रथमच कागदावर उतरले. आजच्या सुकतळ्यातील सेन्सर तत्त्वतः हेच कार्य करतो.

या इतिहासातील दुसरा महत्त्वाचा दुवा भारताशी निगडित आहे. तमिळनाडूतील कोल्ली टेकड्यांमध्ये १९१४ साली जन्मलेले शल्यविशारद पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कार्यरत होते. कुष्ठरुग्णांच्या पायांना होणाऱ्या जखमा म्हणजे मांस आपोआप झडणे नव्हे. संवेदना हरपल्याने एकाच जागी वारंवार येणारा दाब रुग्णाला कळत नाही व त्यातून त्या जखमा होतात, हे त्यांनी आपल्या कार्यातून दाखवून दिले. १९६६ नंतर अमेरिकेतील कारव्हिल येथे काम करताना त्यांनी रंगाच्या सूक्ष्म कुप्या असलेले मोजे वापरले. जास्त दाब येणाऱ्या जागी कुप्या फुटून रंग पसरे आणि धोक्याची जागा डोळ्यांना दिसे. बधिर झालेल्या पायाला वेदनेऐवजी दुसरे काहीतरी इशारा देणारे हवे, हा विचार त्यामागे होता.

४. स्मार्ट सुकतळ्याची रचना व कार्यपद्धती

स्मार्ट सुकतळ्यात मुख्यतः चार भाग असतात : दाबमापक सेन्सर, हालचालमापक सेन्सर, वीज पुरवणारी छोटी बॅटरी आणि मिळालेली माहिती मोबाइल किंवा संगणकाकडे बिनतारी मार्गाने पाठवणारा भाग. दाबमापक सेन्सर प्रामुख्याने तीन प्रकारचे असतात.

(अ) रोधावर आधारित सेन्सर : दाब वाढला की त्यातील पदार्थाचा विद्युतरोध कमी होतो. हे सेन्सर पातळ व स्वस्त असतात. मात्र भार चढताना आणि उतरताना एकाच दाबाला ते भिन्न वाचन देतात आणि दीर्घकाळ भार राहिल्यास वाचन हळूहळू सरकत जाते.

(आ) धारितेवर आधारित सेन्सर : दोन वाहक थरांमधील लवचिक थर दबला की विद्युतधारिता वाढते. यांचे वाचन अधिक सुसंगत असते. पण त्यासाठी लागणारी इलेक्ट्रॉनिक जुळणी गुंतागुंतीची व खर्चिक ठरते.

(इ) दाबविद्युत सेन्सर : दाबातील बदलामुळे यांत विद्युतभार निर्माण होतो. टाच टेकण्याचा क्षण हे उत्तम टिपतात. परंतु माणूस स्थिर उभा राहिल्यास बदलच होत नसल्याने त्याचा भार यांना मोजता येत नाही.

दाबमापक सेन्सर पाय जमिनीवर असतानाच माहिती देतात. पाय हवेत असताना तो किती वेगाने व कोणत्या कोनातून गेला, हे त्वरणमापक व घूर्णनमापक सांगतात. म्हणून आधुनिक सुकतळ्यात दोहोंची सांगड घातलेली असते.

सेन्सरांची संख्या हा आणखी एक विचार करण्याजोगा मुद्दा आहे. संशोधनात प्रचलित असलेल्या पेडार या प्रणालीच्या प्रत्येक सुकतळ्यात ९९ धारितामापक सेन्सर असतात, तर टेकस्कॅन कंपनीच्या एफ-स्कॅन प्रणालीत ही संख्या सुमारे ९६० पर्यंत जाते. याउलट, रोजच्या वापराचा विचार करून बनवलेल्या मोटिकॉन कंपनीच्या सुकतळ्यात प्रत्येकी १६ दाबमापक सेन्सर पुरेसे मानले आहेत. दाबाचा सूक्ष्म नकाशा हवा असल्यास अधिक सेन्सर लागतात. केवळ पावलांचा काळ व दोन पायांतील भाराची वाटणी हवी असल्यास थोडके सेन्सर पुरतात. अधिक सेन्सर म्हणजे अधिक वीज, अधिक माहिती व अधिक खर्च. म्हणून कोणता प्रश्न सोडवायचा आहे, हे आधी ठरवणे आवश्यक असते.

५. मज्जासंस्थेच्या आजारांतील उपयोग

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन करतानाच पुढे झुकून, घाईघाईने पडणाऱ्या आखूड पावलांची नोंद केली होती. चालीतील सातत्य कसे ढळते, हे मोजण्याचे काम मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. जेफ्री हाउसडॉर्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली बुटातील दाबसंवेदी मापकांच्या साहाय्याने पार्किन्सन व हंटिंग्टन या आजारांत पावलागणिक होणारे कालबदल लक्षणीयरीत्या वाढतात, हे दाखवले. त्यांच्याच २००१ सालच्या अभ्यासात ७० वर्षे व त्यावरील ५२ ज्येष्ठांची चाल मोजून वर्षभर त्यांच्या पडण्याची नोंद ठेवण्यात आली. पुढे जे पडले त्यांच्या चालचक्राच्या काळातील चढउतार सरासरी १०६ मिलिसेकंद, तर न पडलेल्यांचा ४९ मिलिसेकंद होता. पडण्यापूर्वीच पडण्याची चाहूल लागू शकते, हा या अभ्यासाचा आशय होय.

पार्किन्सनमध्ये औषधाचा प्रभाव दिवसभर सारखा राहत नाही. लेव्होडोपाची मात्रा घेतल्यावर काही तास हालचाल सुधारते व पुढील मात्रेपूर्वी पुन्हा मंदावते. सकाळी अकरा वाजताच्या तपासणीत यांपैकी एकच अवस्था दिसते. दिवसभराची नोंद हाती असल्यास चाल नेमकी कोणत्या वेळी बिघडते हे कळून मात्रेच्या वेळा बदलता येतात. याच कारणाने ही नोंद केवळ संशोधनाचा विषय न राहता उपचाराचे साधन ठरू शकते.

पक्षाघातानंतर अर्धांग दुर्बल झालेल्या रुग्णात दुर्बल पायावरील आधाराचा काळ कमी होतो आणि निरोगी पायावर भार वाढतो. पाऊल वर उचलणारे स्नायू अशक्त असल्यास टाचेऐवजी चवडा आधी टेकतो. सुकतळा या दोन्ही बाबी थेट दर्शवतो. व्यायामोपचार सुरू असताना ही विषमता कमी होते आहे की नाही, हे आठवड्यागणिक पाहता येते.

दैनंदिन चालीच्या मापनाला औषधसंशोधनातही मान्यता मिळू लागली आहे. ड्युशेन स्नायूक्षय या आजारात रुग्णाच्या रोजच्या आयुष्यातील सर्वांत वेगवान पावलांवर आधारित मोजमाप युरोपीय औषध संस्थेने २०१९ साली दुय्यम निकष म्हणून आणि २०२३ साली प्रमुख निकष म्हणून ग्राह्य मानले. ते मोजमाप घोट्याजवळ बांधलेल्या सेन्सरने घेतलेले आहे, सुकतळ्याने नव्हे. तरीही दवाखान्याबाहेरची चाल हा पुरावा ठरू शकतो, हे तत्त्व त्यामुळे प्रस्थापित झाले. २०१९ ते २०२४ या काळात चाललेल्या मोबिलाइज-डी या युरोपीय प्रकल्पात कमरेवरील एका सेन्सरने चाल मोजण्याच्या पद्धती तपासल्या गेल्या. त्या पद्धती बरोबर आहेत की नाही हे ठरवण्यासाठी जी संदर्भप्रणाली वापरली, तिच्यात दाबमापक सुकतळ्यांचा समावेश होता. पाऊल नेमके केव्हा टेकले याची सर्वांत विश्वासार्ह साक्ष तळपायच देतो, हे त्यामागील कारण होय.

६. अस्थिविकारांतील उपयोग

अस्थिभंगावरील शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला अनेकदा ‘या पायावर फक्त २० किलो भार द्या’ अशी सूचना दिली जाते. हा भार म्हणजे किती, हे समजावण्यासाठी रुग्णाला घरगुती वजनकाट्यावर पाय दाबून दाखवण्यास सांगतात. काट्यावर उभे राहून दिलेला भार स्थिर असतो. चालताना येणारा भार गतिमान असतो. कुबड्या घेऊन पाऊल टाकताना रुग्णाला त्याचा अंदाज राहत नाही आणि सांगितल्यापेक्षा अधिक भार सहज पडतो. भार मर्यादेबाहेर जाताच ध्वनीने किंवा कंपनाने सूचना देणारा सुकतळा येथे उपयुक्त ठरतो. उलट, भीतीपोटी पाय टेकवतच नसलेल्या रुग्णालाही त्यातून धीर देता येतो.

गुडघा किंवा खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी झाली तरी जुनी लंगडण्याची सवय टिकून राहते. दोन्ही पायांवरील भाराचे गुणोत्तर पाहून ही सवय ओळखता येते व मोडता येते. गुडघ्याच्या झिजेत मात्र एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. सुकतळा तळपायावरील लंब दिशेचा भार मोजतो. तो भार गुडघ्याच्या आतील बाजूवर किती ताण आणतो, हे पायाच्या ठेवणीवर अवलंबून असते आणि ते सुकतळ्याला थेट दिसत नाही. तळाचे माप म्हणजे सांध्याचे माप नव्हे.

७. बधिर तळपाय : दोन्ही शाखांचा संगम

मधुमेहजन्य मज्जातंतूविकार हा मूलतः मज्जातंतूंचा आजार असला तरी त्याचे परिणाम हाडांवर, सांध्यांवर व कातडीवर होतात. चप्पल पायातून निसटली तरी न कळणे, ही भारतीय रुग्णांकडून नेहमी ऐकू येणारी तक्रार याच आजाराची खूण असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. त्यामुळे या प्रश्नाची व्याप्ती स्पष्ट होते.

ब्रँड यांच्या विचाराचे आधुनिक रूप २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत दिसते. पायाची जखम एकदा होऊन भरलेल्या ५८ मधुमेही रुग्णांना दाबमापक सुकतळे देण्यात आले व कमाल १८ महिने त्यांची नोंद ठेवण्यात आली. निम्म्याहून काहीशा अधिक रुग्णांना दाब दीर्घकाळ टिकल्यास मनगटी घड्याळावर इशारा मिळे. उरलेल्यांचा दाब नोंदला जाई, पण इशारा मिळत नसे. इशारा मिळणाऱ्या गटात तळव्याच्या जखमा पुन्हा होण्याचे प्रमाण ७१ टक्क्यांनी कमी आढळले. रुग्णसंख्या व जखमांची एकूण संख्या लहान असल्याने हा आकडा अंतिम मानता येत नाही. तथापि, दोन्ही गटांकडे सुकतळा होता आणि फरक पडला तो इशाऱ्यामुळे व त्यावर रुग्णाने केलेल्या कृतीमुळे, ही बाब महत्त्वाची आहे. केवळ मोजण्याने जखम टळत नाही.

८. तांत्रिक व सांख्यिकीय मर्यादा

बुटाच्या आत उष्णता, घाम व सततचे वाकणे असते. त्यामुळे सेन्सरचे वाचन काही तासांत सरकते व वारंवार अंशांकन करावे लागते. पावसाळ्यात ओलावा ही वेगळीच अडचण ठरते. जिना, चढ, खडबडीत वाट यांवरील पावले सपाट जमिनीवरील पावलांशी ताडून पाहिल्यास निष्कर्ष चुकतात.

याहून सूक्ष्म प्रश्न माहितीच्या विश्लेषणाचा आहे. फिजिओनेट या मुक्त संग्रहात पार्किन्सनच्या चालीचा एक संच उपलब्ध असून त्यात ९३ रुग्ण व ७३ निरोगी व्यक्तींची नोंद आहे. प्रत्येक पायाखाली ८ सेन्सर, सेकंदाला १०० वाचने आणि सपाट जमिनीवर सुमारे दोन मिनिटांचे चालणे, असे त्याचे स्वरूप आहे. संगणकीय पद्धतीने आजार ओळखण्याच्या प्रकल्पांत हा संच जगभर वापरला जातो. त्याचा वापर करताना दोन गोष्टी तपासणे अगत्याचे आहे. एकाच व्यक्तीची काही पावले शिकवण्यासाठी व काही तपासण्यासाठी वापरली गेल्यास संगणक आजाराऐवजी ती व्यक्तीच ओळखू लागतो आणि अचूकता फसवी वाढते. दुसरे असे की, ‘रुग्ण की निरोगी’ हा प्रश्न दवाखान्यात क्वचितच विचारला जातो. ‘या रुग्णाची चाल मागील महिन्यापेक्षा बिघडली का’, हा खरा प्रश्न असतो आणि दोन मिनिटांच्या एका नोंदीतून त्याचे उत्तर मिळत नाही.

९. उंबरठ्याचा प्रश्न

वरील सर्व मर्यादा तंत्रज्ञानाच्या प्रगतीने कमी होतील. परंतु एक मर्यादा सेन्सर सुधारल्याने दूर होणारी नाही. सुकतळा पादत्राणात असतो आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत पादत्राण उंबरठ्याबाहेर राहते. देवळात, अनेक ठिकाणी शेतातील कामातही पाय अनवाणी असतो. बाहेर वापरली जाते ती चप्पल. सुकतळ्याला लागतो तो बंद बूट. कित्येक ज्येष्ठ स्त्रियांनी आयुष्यात कधी बूट घातलेला नसतो. त्यांना मापनासाठी बूट घालावयास लावले तर मोजली जाते ती त्यांची नेहमीची चाल नसून बुटातली अनोळखी चाल असते.

आता प्रस्तावनेतील रुग्णाकडे पुन्हा वळावे. पार्किन्सनमध्ये पाय खिळण्याचे प्रसंग प्रामुख्याने चालण्यास आरंभ करताना, वळताना, दारातून जाताना आणि अरुंद जागेत घडतात. खाटेवरून उठणे, स्वयंपाकघरात वळणे, न्हाणीघराचे दार ओलांडणे या घरातल्या क्रिया आहेत. म्हणजे जेथे चाल सर्वाधिक अडखळते, नेमके तेथेच मोजणारे साधन पायात नसते. बाहेर रस्त्यावरील सरळ, मोकळे चालणे तेवढे नोंदले जाते व अहवाल ‘समाधानकारक’ येतो.

ही अडचण केवळ भारतीय रूढीतून आलेली नाही. नेदरलँड्समध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पायाची जखम नुकतीच भरलेले १०७ मधुमेही रुग्ण त्यांच्यासाठी खास बनवलेली पादत्राणे प्रत्यक्षात किती वापरतात, हे सात दिवस मोजले गेले. घराबाहेरील ८७ टक्के पावले त्या पादत्राणांत पडली. घरातील मात्र ६१ टक्केच. विशेष म्हणजे हे रुग्ण दिवसाला सरासरी ३,९५९ पावले घरात आणि २,६०४ पावले बाहेर चालत होते. जेथे घरातही बूट घालण्याची प्रथा आहे तेथे ही स्थिती असेल, तर उंबरठा पाळणाऱ्या समाजात अनवाणी पावलांचा वाटा किती मोठा असेल, याची कल्पना करता येते.

यातून एक गंभीर चूक संभवते. पायातून काढून ठेवलेला सुकतळा शून्य भार नोंदवतो आणि बसून राहिलेल्या माणसाचा सुकतळाही जवळजवळ तेच दर्शवतो. ‘मोजले गेले नाही’ आणि ‘चालणे झाले नाही’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांत भेद न केल्यास दिवसभर घरात राबणारी स्त्री अहवालात निष्क्रिय ठरते आणि तिला अधिक चालण्याचा सल्ला दिला जातो.

१०. उपाययोजनेच्या दिशा

(१) घरात वापरण्याजोगे स्वतंत्र पादत्राण : कुष्ठरुग्णांसाठी भारतात मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ तळाच्या चपला रूढ झाल्या, त्या बुटाऐवजी चपलेचे रूप स्वीकारल्यामुळे. सेन्सर बसवलेली, मागे पट्टा असलेली, घरातच वापरावयाची चप्पल हा त्याच धर्तीवरील मार्ग होय. मधुमेही रुग्णांना घरातही अनवाणी न चालण्याचा सल्ला दिला जातोच. त्यास हे पूरक ठरेल.

(२) साधनांची सांगड : घरातील चालीसाठी कमरेवर किंवा घोट्यावर बांधण्याचा सेन्सर आणि बाहेरील चालीसाठी सुकतळा, अशी विभागणी करता येते. सुकतळ्याइतकी सूक्ष्म माहिती न मिळाली तरी पोकळी भरून निघते.

(३) वापराच्या काळाची नोंद : प्रत्येक अहवालात साधन किती तास पायात होते, हे ठळकपणे दिले पाहिजे. तापमापक सेन्सरने पाय आत आहे की नाही हे ओळखता येते.

(४) स्वतःशी तुलना : रुग्णाच्या नोंदीची तुलना परदेशी निरोगी व्यक्तींच्या सरासरीशी करण्याऐवजी त्याच रुग्णाच्या पूर्वीच्या नोंदीशी केल्यास निष्कर्ष अधिक अर्थपूर्ण होतात.

(५) माहितीचे स्वामित्व : चालीवरून व्यक्ती ओळखता येते व तिच्या आजाराचा अंदाजही बांधता येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या संदर्भात रुग्णाची स्पष्ट संमती आवश्यक ठरते.

महाविद्यालयांच्या दृष्टीने हा विषय आंतरविद्याशाखीय कार्याला वाव देणारा आहे. सेन्सरचे अंशांकन भौतिकशास्त्र विभाग करू शकतो, चढउतारांचे विश्लेषण संख्याशास्त्र विभाग, तर घरात पादत्राण कोण, केव्हा व का घालते वा घालत नाही, याची पाहणी समाजशास्त्र व गृहविज्ञान विभाग करू शकतात. ही शेवटची पाहणी सर्वांत कमी खर्चाची असून ती सर्वांत आधी व्हावयास हवी. एक पथ्य मात्र पाळले पाहिजे : देशात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे नियमनाच्या कक्षेत आली आहेत. विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत बनवलेला सुकतळा हा अभ्यासाचा नमुना असतो. त्याच्या आधारे कोणाच्याही आजाराचे निदान करू नये.

११. निष्कर्ष

स्मार्ट सुकतळा दवाखान्यातील दहा पावलांची जागा दिवसभराच्या हजारो पावलांना देऊ पाहतो, हे त्याचे खरे सामर्थ्य आहे. पार्किन्सनमधील चढउतार, पक्षाघातानंतरची विषमता, शस्त्रक्रियेनंतरचा भार आणि बधिर तळव्यावरील दाब या चारही बाबतींत तो डोळ्यांना न दिसणारे दाखवतो. मात्र मिळालेल्या आकड्याचा अर्थ रुग्ण कोठे, केव्हा व कशा पायांनी चालला, यावर अवलंबून असतो. सेन्सरांची संख्या वाढवण्यापेक्षा, पाऊल अडखळते त्या क्षणी साधन पायात असेल अशी योजना करणे अधिक निकडीचे आहे. तोपर्यंत न्हाणीघराच्या दाराशी काय घडले, हे सांगणाऱ्या घरच्या माणसाचे म्हणणे वैद्यकाने आलेखाइतक्याच गांभीर्याने ऐकले पाहिजे. कारण उंबरठ्याच्या आतील चालीचा तूर्त तोच विश्वासू साक्षीदार आहे.